उर्वशीचं पित्त

ऑफिसातून आल्यावर उर्वशी न्हाणीत गेली, पाटावर बसून तिनं अंगावर पाणी घेतलं, आणि उठण्यासाठी सवयीनं नळाकडे हात नेला तर तो वाटेतच थंड, गुळगुळीत अशा कशाला तरी लागला. भिंतीत स्टीलचा दांडा बसवला होता. बोल्ट मारून, पक्का. तिनं तो धरला आणि ती उठली. एवढंच. एरवी उठणं हे एक कामच असे. आधी डावा पाय अंगाखाली घ्यायचा, एका हातानं बादलीची कड दाबायची, दुसऱ्यानं नळ धरायचा, श्वास रोखायचा, आणि पोलिओनं वाळलेला उजवा पाय मागून ओढून घेत भिंतीला टेकायचं. हे काम आहे असंही तिला कधी वाटलं नव्हतं. आंघोळ म्हणजे हेच. आज ती नुसती उठली. उठल्यावर जरा वेळ तशीच ओली उभी राहिली. मग परत पाटावर बसली आणि परत उठली. अंगाला इतकं सोपं वाटणं ओळखीचं नव्हतं. ते सुख हातातून खांद्यात, खांद्यातून छातीत आलं आणि तिथंच कुठंतरी अडकलं, आणि मग पोटाच्या वरच्या बाजूला जळजळू लागलं. दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या रीतानं तर्री-पोहे मागवले होते. पित्त झालं असेल, असं मनाशी म्हणत तिनं कपडे केले.

दांडा गोपालसाठी होता. तिचा नवरा वीज कंपनीत लाइनमन. खांबावर चढण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण पडला तो खांबावरून नाही, मोटरसायकलवरून. गडचिरोलीबाहेरच्या रस्त्यावर लाइन दुरुस्त करून परत येताना रानडुक्कर आडवं गेलं आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्याला त्याच सकाळी दवाखान्यातून घरी आणलं होतं. सावली तालुक्यातल्या गावाहून त्याची आई इंदुताई आणि धाकटा भाऊ आदेश आले होते. आदेश नळफिटिंगची कामं करायचा. उर्वशी पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसात तपासणी असल्यानं तिला सुटी मिळाली नव्हती, आणि ती घरी नसलेल्या त्या एका दिवसात आदेशनं घर बदलून टाकलं होतं. न्हाणीत दांडा. संडासात मधोमध भोक पाडलेली खुर्ची. मागच्या दाराचा उंबरा वीतभर उंच होता, तिथं सिमेंटचा उतार, अजून ओला, त्यावर पोतं टाकलेलं.

"वयनी, त्या उतारावर आज पाय नोका देऊ," आदेश म्हणाला. "उद्या वाळते तो."

"पोराले कोनाच्या खांद्याचं काम नोको पडाले," इंदुताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मानसाले लाज वाटते ना बाई."

"हो ना, आई," उर्वशी म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं पित्ताची गोळी चघळली.

गोळीनं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी जळजळ दांडा धरण्याच्या आधीच सुरू झाली. पूर्वी तिथला नळ कसा सैल झाला होता ते तिला आठवलं. रोजच्या ओढीनं एकदा नळाची तोटीच हातात आली होती आणि पाण्याचा फवारा छतापर्यंत उडाला होता. गोपालनं धावत येऊन वरची चावी बंद केली, भिजलेल्या तोंडानं हसला, संध्याकाळपर्यंत नवा नळ आणून बसवला, आणि म्हणाला, "जरा हलक्या हातानं धरत जा." त्यात काही टोचणारं नव्हतं. तिनंही हलक्या हातानं धरायला सुरुवात केली, म्हणजे सगळं वजन बादलीवर टाकायला. बादलीची कड तळहातात रुतायची. ऑफिसात फाइलवर हात ठेवला की ती लाल रेघ दिसायची, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत विरून जायची. त्या रेघेकडे उर्वशी पाहायची तीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या तरी हातावरची रेघ पाहावी तशी.

उर्वशीचा स्वभाव शांत आहे, असं सगळे म्हणत. ऑफिसात म्हणत, सासरी म्हणत, चिमूरकडच्या तिच्या माहेरी तर ती लहान होती तेव्हापासून म्हणत. तो स्वभाव कुठून आला हे तिला पक्कं माहीत होतं. सहा-सात वर्षांची असताना पोरी तिला सोडून बोरं वेचायला पळाल्या म्हणून तिनं अंगणात पाटी आपटून फोडली होती. आईनं मारलं नाही. जवळ बसवलं, पाटीचे तुकडे वेचले आणि हळूच सांगितलं, "तू चिडू नोको बाई. एक तं लंगडी अन् वरून चिडकी, असं म्हनतीन लोकं. मंग कोनी जवळ येनार नाई." आईनं ते प्रेमानं सांगितलं होतं, एखादी उपयोगाची वस्तू द्यावी तसं, आणि उर्वशीनं ते तसंच घेतलं. त्यानंतर राग आला की ती त्याला काहीतरी दुसरं नाव देत आली. डोकं दुखतंय. झोप झाली नाही. पित्त.

आणि गोपालवर रागवायचं तरी कशासाठी? त्यानं तिला मागणी घातली होती. ती तेव्हा भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करत होती. मीटर जळालं म्हणून तो आला, चहा पिऊन गेला, पुढच्या आठवड्यात मीटर बरं चाललंय का विचारायला परत आला. लग्नात त्याचे पाय धुताना तिचे वडील लटारू यांनी हात काढूनच घेतले नाहीत. परातीतलं पाणी गार झालं तरी ते पाय धरून रडत बसले, आणि शेवटी भटजींनी खाकरून त्यांना भानावर आणलं. मावशी कानाशी येऊन म्हणाली, "देवमानूस भेटला तुले. जपजो." मूल झालं नाही, त्यावरून इंदुताईंनी कधी टोमणा मारला नाही, आणि तेही शेजारपाजारचे लोक गोपालच्याच चांगुलपणात धरत. बाजारात तो दहा पावलं पुढं जायचा आणि मग थांबायचा. तो थांबलेला आहे हे साऱ्या बाजाराला दिसायचं. भाजीवाली नीलाबाई तर तोंडावरच म्हणायची, "असा नवरा मोठ्या पुन्याईनं भेटते." उर्वशी हसायची. चांगल्या माणसाची बायको असणं हीसुद्धा अंगावर घालायची एक गोष्ट होती, तिच्या उजव्या पायाच्या बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांसारखी. सकाळी चढवायची, दिवसभर विसरायची, पण तिच्यावाचून पाऊल टाकता यायचं नाही.

ते प्लास्टरचे दिवस मात्र, पुढं तिला वाटलं, लग्नातले सगळ्यात बरे दिवस होते. गोपाल वॉकर घेऊन चालायला लागला तेव्हा दोघं संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जात. चाल सारखीच. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. रस्त्यात लोक वळून पाहत, आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे, मग दोघांकडे मिळून, आणि गोपालच्या कपाळावर आठी चढे.

"काऊन असे पाहून राह्यले हे? मानूस पाह्यला नाई का कधी?"

"पाहतेत. मंग पाहनं सोडतेत."

"कवा सोडतेत?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "तुमचं प्लास्टर निघन तवा."

तो रस्त्यात उभा राहून हसला, वॉकर हलेपर्यंत हसला, आणि तीही हसली. टपरीवर दोघांना एकाच बाकावर एकाच बाजूनं आधार घेऊन बसावं लागे. चहा सांडे. घरी परतताना तो तिच्या जवळ, खरंच जवळ, असे. आणि याच दिवसांत तिची जळजळही रोज होत असे. दोन्ही एकाच पोटात. एकदा ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "तू हे रोज कसं करते वो?" त्याचे डोळे ओले होते. बाईमाणसानं विरघळून जावं असाच तो प्रश्न होता. उर्वशीला मात्र आतून भाजलं. "होते," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

मग एका सकाळी तो न्हाणीतून एकटाच बाहेर आला, टॉवेल गुंडाळून, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, चेहरा लहान पोरासारखा उजळलेला. "पाह्य, आपल्या आपन उठलो. कोनाले हाक माराचं कामच नाई पडलं." ती त्याला कपडे देत होती, आणि तिच्या हातातच ते कपडे राहिले. लग्नाच्या तिसऱ्या वर्षीचं तिला आठवलं. न्हाणीत शेवाळ धरलं होतं, ती घसरून पडली, कोपर सुजलं. गोपालनं तिला उचलून पलंगावर आणलं, हळद लावली. तेव्हा ती म्हणाली होती, "तिथी भिंतीले काई धराले असतं तं बरं झालं असतं." आणि तो तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत म्हणाला होता, "मी आहे ना धराले." हे वाक्य तिनं किती जपलं होतं. ऑफिसात कंटाळा आला की, कुणी फाइल अंगावर फेकली की, ती ते मनातल्या मनात काढून पाही, आणि बरं वाटे. आता तेच वाक्य उलटंपालटं करून पाहताना तिला दिसलं की तिनं मागितलं होतं. तिला नेहमी वाटायचं आपण कधी काही मागितलंच नाही. पण मागितलं होतं, साध्या शब्दांत, आणि त्यानं प्रेमानं नाही म्हटलं होतं. आणि त्या नाहीवर ती इतकी वर्षं सुखी होती.

"कपडे दे ना," गोपाल म्हणाला. "थंडी वाजून राह्यली."

प्लास्टर काढायच्या दिवशी ती त्याच्यासोबत दवाखान्यात गेली. रिक्षात बसल्या बसल्या तिला एकच वाटत होतं, डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस सांगावेत. हे वाटणं वाईट आहे हे तिला कळत होतं, पण त्याची लाज मात्र वाटत नव्हती, आणि लाज न वाटण्याचंच तिला नवल वाटत होतं. डॉक्टरांनी यंत्रानं प्लास्टर चिरलं, दोन्ही बाजूंना फाकवलं, आणि आतून पाय निघाला. पांढरट, सालं सुटलेला, पोटरी पार उतरलेली. गोपालनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की जणू ताटात काही भलतंच वाढलं गेलंय. "हे काय होय?" तो म्हणाला. "लाकूड झालं हे तं. डॉक्टरसाहेब, बरं होईन ना हे? असंच राहनार नाई ना?" डॉक्टर हसून म्हणाले, महिन्याभरात भरून येईल. गोपालनं सुटकेचा श्वास सोडला आणि पाय चादरीखाली घेतला. उर्वशी पायाशी उभी होती. चादरीखाली गेला तो पाय तिच्या पायासारखाच होता, अगदी जुळा म्हणावा असा, फक्त महिनाभरासाठी. तो तिच्या पायाकडे असं कधी पाहत नव्हता. पण मग कसं पाहत होता? तिनं आठवायचा प्रयत्न केला आणि तिला आठवेना. तो तिच्या पायाकडे पाहतच नव्हता. अंधारात त्यावर हात मात्र ठेवायचा. ते चांगलं की वाईट हे तिला ठरवता आलं नाही. गोपाल चादरीखाली पायाची बोटं हलवून पाहत होता आणि तिच्याकडे बघून हसत होता, म्हणून तीही हसली.

पाय भरत गेला. गोपाल लंगडेनासा झाला, मोटरसायकल चालवू लागला, कामावर जाऊ लागला. एका बाजाराच्या दिवशी चालता चालता तो पुढं गेला आणि दहा पावलांवर थांबला.

इंदुताई परत जायला निघाल्या तो रविवार होता. आदेश त्यांना घ्यायला गाडी घेऊन आला होता. उर्वशी पोळ्या करत होती, आणि न्हाणीतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. पान्याचा. तिनं तवा उतरवला आणि मांडीवर हात दाबत ती न्हाणीच्या दारापर्यंत गेली. आदेशनं एक बोल्ट काढला होता.

"भाऊजी, राहू द्या तो."

"आईले लागते ना वयनी," आदेश म्हणाला. "गावाकडं न्हाणीत लावून देतो. खुर्चीबी नेतो."

"माये घुडगे काई खरे नाई राह्यले," मागून इंदुताई म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं; उठताना त्या कशा कण्हतात ते उर्वशीनं रोज ऐकलं होतं. "इथी आता कोनाच्या कामाचा तो?"

"माया कामाचा," उर्वशी म्हणाली. "तुमच्यासाठी नवा आनू, आई. आजच आनू. हा इथीच राहीन."

दोघंही तिच्याकडे पाहू लागले. इंदुताई सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "तुले कशाले वो? तुयाजवळ गोपाल हाये." गोपाल पुढच्या खोलीतून आला. त्याला वाटलं होतं काही पडलं. काय चाललंय ते कळल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अवं, नेऊ दे आईले. तुले पाह्यजे होता तं आधी सांगाचं ना."

"सांगितलं होतं."

"कवा?"

"मी पडली होती तवा. काई धराले असतं तं बरं झालं असतं, म्हनली होती."

"मंग? मी काय म्हनलो?"

"मी आहे ना, म्हनले."

"तं खोटं म्हनलो का? नाई का मी?"

"हाये ना. पन तुम्ही न्हाणीत नसता." तिचा आवाज चढला होता आणि तिला तो स्वतःचा वाटत नव्हता. "तुमच्यासाठी एका दिवसात दांडा लागला. माया वेळी नळ तुटला तं मलेच म्हनले, हलक्या हातानं धर."

आदेशनं पाना खाली ठेवला. गोपालचा चेहरा लाल झाला. "इतकी वर्षं काय केलं मंग मी? आजपावतर आवाज चढवला का तुयावर? एक दिवस तरी?"

"नाई चढवला. तेच म्हनून राह्यली. रीताचा नवरा तिच्याशी भांडते. जग भांडते. मायाशी कोनी भांडत नाई. मी काय पाव्हनी हाओ या घरात?"

"तं आयक मंग," गोपाल म्हणाला, आणि ओरडला. खांबावरून खाली हाक मारायचा आवाज होता तो. घरात तो कधी निघाला नव्हता. "तुले काय पाह्यजे ते तू कधी सांगत नाई. भाजी कोनती? कोनतीबी चालते. साडी कोनती? कोनतीबी. मले अंदाज लावत बसा लागते जिंदगीभर. अन् हे देवमानूस, देवमानूस! सारं गाव म्हनते. दोस्ताईसंगं घडीभर बसलो तं म्हनतेत, घरी बिचारी वाट पाहत असन, जाय. काऊन? मले कटाळा येत नाई? मले देव नाई व्हाचं!"

हे तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की ते देवमाणूसपण त्यालाही रोज अंगावर चढवावं लागतं. पण ते समजून घ्यायला तिला सवड नव्हती, कारण ती ओरडत होती. बाजारात पुढं जाऊन थांबू नका, म्हणून ओरडत होती. चालायचं तर सोबत चाला नाहीतर घरी राहा. आणि ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हेही. टॉवेलचा इथं काही संबंध नव्हता. शेजारच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. पोटातली जळजळ नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी नुसता जोर होता, हातापायांत, वाळल्या पायातसुद्धा. ती दाराची चौकट धरून ताठ उभी होती. आपण रडत नाही आहोत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

गोपाल बाहेर निघून गेला. आदेशनं काढलेला बोल्ट परत बसवला, पिळून घट्ट केला, आणि आईची पिशवी उचलली. गाडीत बसण्याआधी इंदुताई उर्वशीपाशी थांबल्या. रागावल्या होत्या, ओठ मिटलेले. "मले नवा धाडजो," एवढंच त्या म्हणाल्या. "बारका नोको. असाच."

सोमवारी गोपाल तिला ऑफिसात सोडायला थांबला नाही. ती ऑटोनं गेली. रीतानं विचारलं, आज भाऊ नाही आले? उर्वशी म्हणाली, "भांडन झालं आमचं." रीताला खरं वाटेना. "तुमचं? गोपालभाऊंशी कोन भांडू शकते?" ती हसू लागली, आणि मग उर्वशीचा चेहरा पाहून थांबली. दिवसभर उर्वशीच्या मनात भीती होती. भांडण संपतं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. इतर बायांना ते लहानपणापासून येत असावं. कदाचित ते संपतच नसेल. कदाचित आई म्हणाली होती तेच खरं, आणि आता कुणी जवळ येणार नाही. हे सगळं तिनं साधेपणानं मनात मांडून पाहिलं, आणि तरी दांड्याबद्दल बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटलं नाही.

संध्याकाळी ती फाटकाबाहेर आली तर गोपाल मोटरसायकलवर बसलेला होता. तोंड फिरवलेलं. ती मागं बसली, बूट पायदानावर नीट लावला आणि म्हणाली, "चला." त्यानं गाडी काढली. चौकात तो समोर पाहतच म्हणाला, आवाजात अजून रविवारचा राग होता, "अजून काय काय कराचं राह्यलं हाये मायाकडून, ते सांगून टाक एकदाचं."

तो टोमणा होता. उर्वशीनं तो प्रश्न म्हणून घेतला आणि खरंच विचार केला. घर डोळ्यांपुढं आणलं, एक एक खोली.

"गॅसचा ओटा," ती म्हणाली.

पेट्रोल पंप मागं गेला.

"ओट्याले काय झालं?"

"उंच हाये. पोळ्या करताना चवड्यावर उभं राहा लागते. एकाच पायाच्या."

दवाखान्याच्या वळणावर त्यानं वेग कमी केला.

"फोडा लागन तो," गोपाल म्हणाला. "वरची सारी फरशी काढून."

"मंग फोडा," उर्वशी म्हणाली.